घरचा माणूस

"सर, तुमच्या काळातली कोणकोणती मोठी माणसं तुम्ही जवळून पाहिलीत?" मुलाखत घ्यायला आलेल्या मुलीनं विचारलं आणि नाटककारांची कळी खुलली. कवी झाले, गवई झाले, मग गाडी एका नामवंत नटावर आली. "अगदी घरचा माणूस हो! तालीम संपली की 'वहिनी, चहा टाका' म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरायचा."

बायको शेजारीच बसली होती. त्या नटाचं नाव निघालं की आजही तिला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. पण नवऱ्याचं नाटक त्याच्याच जिवावर चाललं होतं, दोस्तीही जिवाभावाची. म्हणून इतकी वर्षं तिनं तोंडातून ब्र काढला नव्हता.

"काकू, तुमचीही एखादी आठवण सांगा ना," मुलगी कौतुकानं म्हणाली.

"आहे ना," ती म्हणाली. "मी ओट्याशी उभी असले की तो मागून येऊन विळखा घालायचा. सुटायची धडपड केली की तोंड दाबायचा. आणि मग बाहेर जाऊन ह्यांच्या मांडीला मांडी लावून चहा प्यायचा."

मुलीचं पेन थांबलं. बायकोला नवऱ्याकडे बघायचा धीर होईना. या वयात त्यांना हे सोसेल का, या काळजीनं तिचा जीव खालीवर होत होता.

नाटककारांनी शांतपणे चष्मा पुसला.



"एवढं छापू नका," ते मुलीला म्हणाले. "मला तेव्हाच कळलं होतं, पण प्रयोग हाऊसफुल्ल चालले होते."