मानाचा गिलास

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात लाखांदूरच्या टिकारामनं मुलीच्या लग्नात हौसेनं सरबत केलं. ड्रमभर पाण्यात आधी बर्फाची लादी सोडली, मग वरून अर्धं पोतं साखर ओतली.

मानाचा पहिला गिलास वराच्या वडलांना, श्यामरावांना.

"हे सरबत हाय का वैनगंगेचं पाणी?" श्यामराव उठलेच. "चाला रे, बैल जुंपा!"

"अर्धं पोतं टाकलं जी, व्याही!" टिकाराम रडकुंडीला आला.

"साखर आधी गरम पाण्यात विरघळवा म्हटलं होतं ना म्या!" आतून बायको ओरडली.

तोवर ड्रम आडवा करून तळातलं सरबत बँडवाल्यांना दिलं गेलं होतं. मुहूर्त आला तरी बँड वाजेना, कारण बँडमास्तरचे ओठ पिपाणीला चिकटले होते. ते पाहून श्यामरावांनी तळात बोट घालून चाटलं आणि जुंपलेले बैल सोडायला लावले.



पुढच्या वर्षी टिकारामच्या धाकटीला पाहायला आलेल्यांनी घड्याळ मागितलं नाही, सायकल मागितली नाही. एवढंच म्हणाले, "सरबत आमाले बँडवाल्यांच्या मागून पाह्यजे."