चिखलाचा पुरावा

लहानपणी जीव टाकून पाहिलेली मालिका सत्यशीला आता लेकीसोबत मोबाइलवर पुन्हा पाहत होती. मालिकेतल्या शाळकरी जासूस पोरीनं माळीणबाईच्या चपलेवरचा चिखल पाहिला, तिच्याकडे बोट केलं अन् चोर सापडला! लेक फिसकन हसली. "मम्मी, बागेत तर सगळेच फिरून राह्यले होते. मंग चिखल हिच्याच चपलेले काऊन?" सत्यशीलानं मग लेकीला स्वतःची गोष्ट सांगितली. बाराव्या वर्षी तिनंही अशीच जासूसी केली होती. आजीची चांदीची साखळी हरवली तेव्हा ओसरीवरचे चिखलाचे ठसे पाहून तिनं मजूर इंदुताईचं नाव घेतलं. दिवस धानरोवणीचे, गावात कोरडे पाय होते फक्त पाळण्यातल्या पोरांचे! तरी बाबांनी पाठ थोपटली, अन् इंदुताईला पुन्हा कोणी कामाला बोलावलं नाही. "मंग खरा चोर कोण होता?" लेकीनं विचारलं. सत्यशीलानं मोबाइल पालथा ठेवला. "तो आमी शोधलाच नाई, बाई."