जांभळा ठिपका

"किल्ली ठेव इथं," दौलतशेठ म्हणाले.

नवनाथनं किल्ली पत्र्याच्या टेबलावर ठेवली. नऊ वर्षं तो शेठच्या पिकअपवर ड्रायव्हर होता. चऱ्होलीचा गडी, तोंडानं एरवी फटकळ. पण आज तो मान खाली घालून उभा होता.

चाकणमध्ये तळेगाव रस्त्याला मिनलचं गॅरेज होतं. दारात सीएनजी पिकअप बॉनेट उघडून उभी होती, मागं हौद्यात कंपनीचा माल तसाच पडलेला. इंजिनाचा पिवळा दिवा दीड महिना विझायचं नाव घेत नव्हता. गाडी धक्के खायची, चढाला दम टाकायची. आज तर कंपनीच्या गेटातच बंद पडली आणि गेटवरच्या माणसानं सगळ्यांदेखत शेठना फोनवर नको ते ऐकवलं.

सगळ्यांचं बोट ऑक्सिजन सेन्सरकडं होतं. सायलेन्सरच्या नळीवर बसून गॅस जास्त जळतोय की कमी, हे इंजिनाला सांगणारी ही चीज. ती खोटं बोलली की इंजिनाचं डोकं फिरतं. दोन वेगळ्या गॅरेजांत सेन्सर दोनदा बदलून झाला होता. दुसरा तर शेठनी स्वतः शोरूममधून आणून नवनाथच्या हातात दिला होता, बसवून घे म्हणून. दिवा तरी पेटलेलाच.

"ह्यानं अस्सल विकला आणि डुप्लिकेट बसवला," शेठ म्हणाले. "मिनलताई, तुम्ही एवढंच सांगा. दोष वायरिंगमध्ये आहे का सेन्सरमध्ये? वायरिंग ठीक असेल तर हा चोर. दुसरा ड्रायव्हर बोलावलाय मी, पोचेलच."

"शेठ, पोरीची शप्पत," नवनाथ कसाबसा बोलला. "दिला त्योच बसवलाय. चोर म्हणून गावात तोंड कुटं दावू?"

सेन्सर अस्सल आहे का हे सांगणारा त्याच्यावरचा नंबर तापून काळा पडला होता. वाचायची सोय नव्हती. आता सगळं मिनलच्या शब्दावर होतं आणि तो शब्द मानण्यासारखाच होता. गॅरेज टाकण्याआधी सात वर्षं ती गाड्यांच्या वायरी बनवणाऱ्या कंपनीत लाईनवर होती. तिथली शिस्त साधी. वायरीचा जोड केला, ओढून पाहिला, की आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की पुढच्या बाईनं तो जोड परत तपासायचा नाही. तिचा रंग जांभळा. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. आता ती नेलपॉलिशचा ठिपका द्यायची, आणि चाकणपासून मोशीपर्यंतचे ड्रायव्हर तो ओळखायचे.

ह्याच गाडीची वायर गेल्या वर्षी उंदरानं कुरतडली होती. ते जोड तिनंच केले होते. तिनं टॉर्च मारला. तीन जांभळे ठिपके दिसले. तिचा हात पुढं सरकला. बाकीची वायर तिनं बोटबोट चाचपली, कनेक्टर उघडून पुसला, फ्यूज पाहिले. सगळं ठणठणीत.

"वायरिंग ठीक आहे," ती म्हणाली.

झालं! नवनाथ केबिनमधलं आपलं सामान काढायला लागला. डबा, टॉवेल, डॅशबोर्डवरचा लेकीचा फोटो. मिनलला ते बघवेना.

शेवटचं म्हणून तिनं इंजिन चालू केलं आणि स्कॅनर लावला. पडद्यावर सेन्सरचा आकडा झरझर वरखाली होत होता. अरेच्चा! आकडा असा नाचतोय म्हणजे सेन्सर तर चांगला चालत होता. ती टॉर्च उचलायला वाकली आणि तिचं कोपर वायरीला लागलं. आकडा जागच्या जागी गोठला. कोपर काढलं, आकडा हलायला लागला. परत लावलं. परत गोठला.

कोपराखाली मधला जांभळा ठिपका होता.

तो दिवस तिला लख्ख आठवला. जोडावर चढवायची रबरी नळी संपली होती. उद्या नीट करू म्हणत तिनं नुसती टेप गुंडाळली. जोड ओढून पाहिलाच नाही. ठिपका मात्र हाताच्या सवयीनं दिला.

स्कॅनरच्या पडद्याचं तोंड तिच्याकडंच होतं. कुणी काही पाहिलं नव्हतं. पाच मिनिटांचं काम. नवा जोड करायचा, हात पुसायचे आणि गप्प बसायचं. गॅरेज तिच्या नावावर चालत होतं, आणि बाईची एक चूक लोक वर्षभर चघळतात हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिला भीती वाटली. चांगलीच वाटली.

नवनाथनं लेकीचा फोटो खिशात घातला.

तिनं इंजिन बंद केलं, टेप कापली. आतलं तांबं हिरवं पडलं होतं.

"शेठ, इकडं या," ती म्हणाली. "सेन्सर चांगला आहे. नवनाथभाऊंनी काही केलेलं नाही. हा जोड सडलाय, आणि तो माझा आहे. न तपासता ठिपका दिला मी."

शेठनी वाकून ती वायर पाहिली. मग त्यांनी टेबलावरची एखादी वस्तू उचलावी तशी किल्ली उचलली आणि नवनाथच्या चेहऱ्याकडं न बघताच त्याच्या हातात दिली.

मिनलनं सडका जोड कापून काढला. काहीतरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं, "पण भाऊ, दोन गॅरेज फिरलात तुम्ही. एकाही मेस्त्रीनं हा जोड उघडून कसा पाहिला नाही?"

"उघडत व्हते की. दोघंबी उघडत व्हते," नवनाथ म्हणाला. "मीच हात लावू दिला न्हाई, ताई. म्हनलं, तुमचा ठिपका हाय, तितं चूक नसती."