गुणी बाळ

पोतदार सोनारांनी सोन्याची तार बाळाच्या कानाच्या पाळीतून आरपार काढली. आता बाळ घर डोक्यावर घेणार म्हणून मावशीने खुळखुळा सरसावला, सासूबाईंनी चिमूटभर गूळ बोटावर घेतला.

बाळ सोनारांच्या चष्म्याकडे पाहून खुदकन हसलं. दुसरा कान टोचला, तरी तेच.

"काय धीट पोर आहे हो! असं पहिल्यांदाच पाहतोय," पोतदार म्हणाले.

"दृष्ट नका लावू माझ्या नातवाला," म्हणत सासूबाईंनी कडाकडा बोटं मोडली.

बाळाची आई ऋजुताही हसली आणि एकदम तिला आठवलं. परवा बाळाच्या दुपट्यात लाल मुंग्या निघाल्या होत्या. अंगभर गांध्या उठल्या होत्या, तरी बाळ मजेत हातपाय हलवत होतं. किती गुणी आहे, असं तीच सगळ्यांना सांगत सुटली होती.

अपघातानंतर मणक्याच्या दुखण्याने तिला वाकताही येत नव्हतं. मग डॉक्टरांनी डोळ्यांना न दिसणारे, वेदनाशामक औषध भरलेले कण सुईने आत सोडले. ना गुंगी, ना व्यसनाची भीती. "कण दुखऱ्या नसेपाशीच राहतात, इकडेतिकडे जात नाहीत," असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. म्हणून तर ती बाळाला कडेवर घेऊ शकत होती.

तिने बाळाच्या मांडीला करकचून चिमटा काढला.

"अगं, वेड लागलं का तुला?" सासूबाई किंचाळल्या.

मांडी लालबुंद झाली. बाळाला तो खेळच वाटला, ते खिदळलं. मग भूक लागली तसं भोकाड पसरून तिच्या पदरात तोंड खुपसू लागलं.

"घे आधी त्याला पाजायला!"

ऋजुताला पान्हा फुटला होता. तिने बाळाला दोन्ही हातांनी लांब धरलं.