बेलची वायर

बाळ घरी आलं त्याच दिवशी सासऱ्यांनी दारावरच्या बेलची वायर काढून ठेवली. टीव्ही मुका झाला, सासूबाई तर शिंकायलासुद्धा गॅलरीत जायला लागल्या. दवाखान्यात सगळ्या बाळांची होते ती कानांची तपासणी आमची राहून गेली होती. मशीन बंद होतं, नंतर या म्हणाले होते.

"इतकं गुणी बाळ आमच्या सात पिढ्यांत झालं नाही. काय गाढ झोपतं!" सासूबाई येईल त्याला सांगायच्या.

सहाव्या आठवड्यात माझ्या हातून स्टीलचं झाकण फरशीवर पडलं. दोघंही "शूऽऽ" करत माझ्यावर धावून आले. बाळाची पापणीही हलली नाही.

"ती तपासणी करून घेऊ या," मी म्हणाले.

"झोपतंय तर झोपू दे की गं. तुला सुखसुद्धा टोचतं," सासरे म्हणाले.

भांडायला अंगात त्राण नव्हतं. बाळाला उचललं आणि गेले.

"दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येतंय," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. "पण लवकर आणलंत. श्रवणयंत्र लावू, म्हणजे बोलायलाही वेळेत शिकेल."

चौथ्या महिन्यात बाळाच्या कानांत यंत्रं बसली. घरी आल्यावर सासरे स्टुलावर चढले, वायर जोडली आणि दार ओढून बाहेर गेले.



बेल वाजली, बाळाने दचकून भोकाड पसरलं, आणि मी दार उघडलं तरी सासरे उंबऱ्याबाहेर उभे राहून बटण दाबतच राहिले.