पाणी सोडलं का?

माझं सासर हेलमंद नदीच्या वरच्या अंगाला, अफगाणिस्तानात. माहेर खाली, सरहद्दीपलीकडे इराणात. पेरणीपासून कापणीपर्यंत दर शुक्रवारी बाबांचा फोन यायचा.

"माहगंज, धरणाचं पाणी सोडलं का गं? गहू करपायला लागलाय."

"अजून नाही, बाबा."

"तुम्हा वरच्यांना काय, पोटभर खा आणि झोपा." एवढं बोलून फोन ठेवायचे. मी कशी आहे, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

यंदाच्या पेरणीतही तेच विचारत होते, आणि बाबा वारले. त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी माहेरी गेले. स्वयंपाकघरात रेशनच्या पिठाचं अर्धं पोतं होतं. शेजारच्या शेहमुरादकाकांना विचारलं, "काका, बाबांच्या गव्हाकडे आता कोण बघतं?"





"कुठला गहू, पोरी? त्याचं शेत वाळूखाली जाऊन नऊ वर्षं झाली."