दोन डबे, एक पंप

मुलांनो, डोळे मिटून बघा: शेताचा बांध, त्यावर कोसळलेला काका, त्याच्या फुटलेल्या डोक्यातून मातीत झिरपणारं रक्त आणि पुन्हा उगारलेली अण्णांची कुऱ्हाड.

"माझ्या कपाशीवर तणनाशक मारतोस? सख्खा भाऊ ना तू?"

"आईशपथ दादा, मी नाही रे मारलं," काका कण्हला.

तेवढ्यात अण्णांची लेक दुर्गी दोन डबे कवटाळून बापाच्या आडवी आली. तिनं डबे खाली ठेवले. दोन्हींत कपाशीची रोपं होती. माती एक, बी एक, ऊनही एकच. "अण्णा, आठ दिवसांपूर्वी याच्यावर झारीनं पाणी घातलं. त्याच्यावर तेच पाणी तुमच्या पंपातून फवारलं." पहिलं रोप टवटवीत होतं. दुसऱ्याची पानं शेतातल्या कपाशीसारखीच आखडून वेडीवाकडी झाली होती. "याच पंपानं उसातलं तण मारलंत आणि तो न धुताच कपाशीवर कीडनाशक फवारायला नेलात."

जमलेली माणसं कुजबुजली. अण्णांची कुऱ्हाड खाली आली, ती त्या दुसऱ्या डब्यावर. रोपाच्या चिंध्या उडाल्या, फाटलेला पत्रा दुर्गीच्या पायात घुसला.

"दाखव आता तुझं रोप!"

काकाला उचलून लोक दवाखान्याकडे धावले. दुर्गीनं पत्रा उपसला, लंगडत खोपीतून पंप आणला, त्यात साधं पाणी भरलं आणि उरलेल्या टवटवीत रोपावर सगळ्यांदेखत फवारलं.

"खरं असेल तर पुन्हा तसंच होईल. आठ दिवस थांबा, अण्णा. तोवर ही माझ्याकडे," म्हणत तिनं बापाच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली.